आपोआप वाळू द्या

आरशांच्या दुकानात त्यांची चौतीस वर्षं गेली. काचेवर फवारा मारायचा आणि थेंब ओघळायच्या आत कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं, हे त्यांचं काम. कुठं एक डाग दिसला तरी त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. दुकानात सगळे त्यांना ‘चकाचक’च म्हणत.

मूत्रपिंड बदलून बायको घरी निघाली, तेव्हा नर्सबाईंनी बजावलं, “काका, औषधांनी काकूंची प्रतिकारशक्ती कमी केलीय. कड्या, बटणं, पलंगाची दांडी रोज साबणाच्या पाण्यानं पुसा, मग सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटनं. खिडकी उघडी, गॅस बंद. आणि ओलं राहू द्या, आपोआप वाळू द्या.”

ते इमानेइतबारे पुसत. गॅसचं बटण दोनदा तपासत. बायको हसायची, “अहो, आता मलाही पुसता की काय!”

अठराव्या दिवशी तिला ताप भरला. संसर्ग होता. पुन्हा वॉर्ड.

तिथंही त्यांनी पलंगाशेजारच्या टेबलाला स्पिरिट लावलं आणि लगेच कोरडं फडकं फिरवलं.

“घरीही असंच करत होता, काका?” नर्सबाईंनी विचारलं.

“हो. डाग राहत नाही.”

“अहो, मिनिटभर तरी ओलं राहायला हवं. लगेच टिपलंत तर जंतू मरायचे कधी?”

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. संसर्ग कशानं झाला ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण त्यांना त्यानं काडीचाही दिलासा मिळाला नाही.

“लेक रविवारी घरी आली तेव्हा शिंकत होती,” बायको खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. “तिच्याकडूनच आलं हे. तिला येऊ नको म्हणावं.”

“तिचं काही नाही गं. चूक माझी आहे.” त्यांनी सगळं सांगितलं.

“तिला पाठीशी घालू नका. तुमच्याइतकं कोण पुसतं?”

“अगं, खरंच...”

“पुरे. मला बोलवत नाही.”

संध्याकाळी लेक डबा घेऊन आली. त्यांनी तिला जिन्यातच गाठलं, आईचा निरोप सांगितला आणि फडक्याची गोष्टही सांगितली.

“बाबा, माझी समजूत काढायला काहीही सांगू नका,” ती म्हणाली. “मी शिंकले होते. माझं मला माहीत आहे.”

डबा त्यांच्या हातात देऊन ती खाली उतरली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ताप उतरला नाही.