टापटीपबाईंची रेती

माती तपासायच्या प्रयोगशाळेत त्या नमुने बनवायच्या. त्यांना नाव होतंच, पण घरीदारी सगळे टापटीपबाई म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. त्यांच्या स्वयंपाकघरात चमच्यांचीसुद्धा तोंडं एकाच बाजूला असायची. नवरा म्हणायचा, "हिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते."

भूकंपात ते घरच गेलं. पडलं नाही, बसलं. खालची रेती पाण्याने भरलेली. जमीन हादरली तशी ती चिखलासारखी पातळ झाली आणि घराचा एक कोपरा खिडकीपर्यंत आत गेला. तेव्हापासून बाई, नवरा आणि म्हातारे सासरे धाकट्या दिराकडे एका खोलीत. सासऱ्यांना तिथे खोकायचाही संकोच वाटे. बाई कामावरून आल्या की त्यांचा पहिला प्रश्न, "सूनबाई, जमलं का गं?" रोज "नाही, मामंजी" म्हणताना बाईंच्या जिवावर यायचं.

जमायचं काय होतं? रेतीत केसासारखे बारीक प्लॅस्टिकचे धागे मिसळायचे, म्हणजे हादऱ्यात कण एकमेकांना सोडत नाहीत. पहिला प्रयोग बाईंच्याच प्लॉटवर करायचा होता. वेळ वाचावा म्हणून प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिथला रेती-धाग्यांचा भरावही सुरू करून दिला होता. पण प्रयोगशाळेतला नमुना हादरे देणाऱ्या यंत्रावर टिकला तरच वर घर बांधायची परवानगी, आणि नमुना काही केल्या टिकेना. बाई ओल्या रेतीचा थर द्यायच्या, त्यावर धागे विंचरल्यासारखे पसरायच्या, वर पुन्हा रेती. साहेब साच्याबाहेरून बघून म्हणायचे, "काय सुबक हात आहे तुमचा!" मग पाणी भरायचं, यंत्र सुरू करायचं, की सुबक नमुना फतकल मारून बसायचा. साहेब धाग्याला नावं ठेवायचे आणि दुसरा धागा मागवायचे. बाई नुसत्या चरफडायच्या.

एक दिवस सकाळीच धाकट्या जावेने गोड आवाजात विचारलं, "ताई, तुमचं अजून किती दिवस चालणार?" बाई धुमसतच कामावर आल्या. रेती घमेल्यात ओतली, वर धागे फेकले आणि दोन्ही हातांनी कचाकचा कालवले.

"आग लागो त्या नीटनेटकेपणाला!" म्हणत तो सगळा गुंता त्यांनी साच्यात कोंबला.

यंत्र सुरू झालं. नमुना हलेना. साहेबांनी जोर वाढवला, तरी तो उभाच.

बाई धावत कचऱ्याकडे गेल्या आणि कालचा ढासळलेला नमुना काढून त्यांनी उलगडला. धाग्यांचा थर कापडासारखा अख्खा हातात आला. मधल्या रेतीत औषधालाही धागा नव्हता. तिला धरणार कोण? इतके दिवस धाग्याला शिव्या खाव्या लागल्या, आणि घोळ आपल्या हातांचा! स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली त्यांना. मग एकदम आठवलं. भराव घालणाऱ्या मुकादमाला शिकवलं होतं ते त्यांनीच.

त्या तशाच रिक्षा करून प्लॉटवर पोचल्या. खड्डा जवळजवळ भरला होता. कडेला खुर्चीवर सासरे बसले होते. नवऱ्याने हौसेने बघायला आणलं होतं त्यांना. मुकादम तोंडभर हसत पुढे आला.

"या ताई! अगदी तुम्ही दाखवलं तस्संच केलंय. एक धागा वाकडा सापडला तर नाव बदलीन."

बाई चपलांसकट भरावात उतरल्या, खाली बसल्या आणि वरची रेती हातांनी ओरबाडून काढली. खाली धागे कसे ओळीत झोपले होते.

"उकरा," त्या म्हणाल्या.

"सगळं?"

"तळापर्यंत. आणि कालवा चांगलं."

"अहो, पण इतकं नीट बसलंय—"

"नीट बसलंय म्हणूनच!" बाई किंचाळल्या.

मुकादमाने फावडं उचललं. सासऱ्यांना कमी ऐकू यायचं. ते खुर्चीतून पुढे वाकले, चेहरा कसा खुललेला.

"सूनबाई, जमलं ना गं?"

खरं तर आजच जमलं होतं. बाईंनी रेतीने भरलेले हात मांडीवर ठेवले.

"नाही, मामंजी," त्या म्हणाल्या.