रघुनाथच्या घरचं सुतक

आमच्या पेडण्याच्या कचेरीत रघुनाथसारखा उरफाटा माणूस दुसरा नाही. माझं टेबल नेमकं त्याच्या शेजारी, हे माझं नशीब. डब्यातलं काही पुढे केलं तर म्हणणार, "उरलं म्हणून देतोस?" नाही दिलं तर दिवसभर तोंड फिरवून बसणार.

चवथीला आम्ही कचेरीतले सगळे मिळून एकेकाच्या घरी गणपती बघायला जातो. यंदा रघुनाथने आधीच सांगितलं, "माझ्याकडे येऊ नका. काका वारले, सुतक आहे." आम्ही त्याचं घर वगळलं.

काल बाजारात त्याची बायको, सुविधावहिनी भेटली. भलतीच घुश्श्यात होती.

"आमच्या काकांनी एवढ्या हौसेने देवावर फळांची माटोळी बांधली, मी शंभर नेवऱ्या तळल्या, आणि तुमच्यातला एकसुद्धा फिरकला नाय! हे म्हणतात तेच खरं. ऑफिसातल्यांना आमचं घर कमी वाटतं."

ठणठणीत काकांना मारलं ते मारलं, वर आमच्याविरुद्ध बायकोचे कान भरले!

आज सकाळी मी त्याला सगळ्यांसमोर धरला. "लाज नाही वाटत? जिवंत माणसाचं सुतक सांगतोस?"

त्याने फायलीतून मानसुद्धा वर केली नाही.

"सुतकाच्या घरीही माणसं भेटायला येतात," तो म्हणाला. "तुमच्यातलं कोण आलं?"