परतूरच्या दवाखान्यात आलेली रानजनावरं

जनावरांच्या डॉक्टरकडं किस्से कसे साठतात, माहिताय? गोचिडासारखे! एक उपटावा, तर शेजारी दुसरा चिकटलेला. सत्तरच्या दशकात मी परतूरच्या दवाखान्यात होतो. काम गाई-म्हशींचं, पण रानातली, पिंजऱ्यातली जनावरंही वाट्याला यायची. पूर्वी हे किस्से हसत सांगायचो. आता मधेच थांबायला होतं.

*

जालन्यात छोटी सर्कस आल्ती. तिथल्या सिंहिणीचे कान गोचिडांनी भरलेले. मॅनेजर म्हणाला, “डॉक्टरसाब, बिलकुल गरीब हाय. घाला हात!”

“आधी तुमचा घाला.”

“माझा? मी तर मॅनेजर हाय!”

शेवटी काठीला कापसाचा बोळा बांधून गजांतूनच औषध लावलं. सिंहीण हललीसुद्धा नाही. मॅनेजर खूश! “बघा, म्हनलं न्हवतं, गरीब हाय?”

गरीब कसली! गोचीडतापानं तिच्यात मान उचलायचं त्राण राहिलं नव्हतं.

*

कुंभार पिंपळगावच्या बबनरावांची माझ्याकडं एकच तक्रार. “हरणं ज्वारी खाऊन राह्यलीत, साहेब. काहीतरी औषध द्या!”

“मी जगवायची औषधं देतो, बबनराव.”

मग लाळ-खुरकुताची साथ आली. आम्ही गावातल्या बैलांना लस टोचली. हरणं त्याच ओढ्यावर पाणी प्यायची. ती लंगडायला लागली, तोंडातून लाळ गळायला लागली. बबनराव सायकल मारत आले.

“आमच्या बैलांना टोचलं. हरणांना कोन टोचनार?”



पुढच्या हंगामात ते भेटले. म्हटलं, “पीक कसंय?”

“ज्वारी बराबर हाय. पन सकाळी बांधावर जाऊ वाटंना.”

*

त्याच गावात कांबळे गुरुजींच्या शांताबाईंनी काळविटाचं एक पोरकं पाडस बाटलीनं दूध पाजून वाढवलं. गोठा गाईचा, त्यामुळं गाईचे गोचीड पाडसावर. बाई रोज एकेक वेचून रॉकेलच्या वाटीत टाकायच्या.

मी म्हणालो, “दोघं एकत्र नकोत.”

“मंग गाय बाहेर बांधते!”

गाय गेली बाहेर, पाडस गोठ्यात. तरी एक दिवस गोचीडतापानं त्याला लाल लघवी झाली. मी पोचेपर्यंत शांताबाईंच्या मांडीवरच गेलं.

पुढं पावसाळ्यात गेल्तो, तर गाय अंगणात भिजत उभी.

“आता घ्या की आत.”

“न्हाई, साहेब,” बाई म्हणाल्या. “ती जागा त्याची हाय.”

गुरुजी उठले. गाईवर पोतं टाकून आले.

*

चांदभाई अस्वलाचा खेळ करायचा. त्याच्या राणीला पिसाळलेलं कुत्रं चावल्तं. काही आठवड्यांनी ती साखळी चावायला लागली, चांदभाईच्याच अंगावर धावली. त्याला मी तातडीनं इंजेक्शनं घ्यायला लावली. राणीसाठी काहीच उरलं नव्हतं. बंदूकवाला शिपाई बोलावला.

राणी झाडाभोवती गरागरा फिरत होती. शिपायाला नेम धरता येईना. “चुकून नुसती जखमी झाली तर, साहेब?”

चांदभाई म्हणाला, “थांबा जरा.” त्यानं झोळीतून डमरू काढला आणि वाजवला.

राणी थांबली. लाळ गळत होती, डोळे लाल. डुलत डुलत मागच्या पायांवर उभी राहिली आणि पंजा कपाळाला लावला.

शिपायानं बंदूक खाली घेतली.

चांदभाईचा डमरू थांबला नाही. आमच्याकडं न बघता तो म्हणाला, “जल्दी करा, साहेब. सलाम झाला की खेळ संपतो.”