नजरगहाण

मला पाहताच शेवंताबाई उठल्या आणि मिरची कांडायच्या मशीनवरची तिखटाची धूळ पदराने पुसू लागल्या. धुळीखालून आमच्या बँकेचं नाव वर आलं आणि त्याखाली पिवळ्या रंगातला शब्द, 'नजरगहाण'.

"बघून घ्या साहेब, मशीन जागेवर आहे."

"अहो, तुमचं कर्ज कधीच फिटलंय. मीसुद्धा रिटायर झालोय."

"हात आपोआप जातो हो," त्या ओशाळून म्हणाल्या.

नजरगहाण म्हणजे वस्तू कर्जदाराकडेच राहायची, बँकेने फक्त नजर ठेवायची. आमच्या गावातल्या छोट्या बँकेने हे फारच मनावर घेतलं होतं. दर महिन्याला मी इथे यायचो, मशीन बघायचो, चहा प्यायचो, शिंकत परत जायचो. मशीनचा पट्टा तुटल्यामुळे हप्ता चुकणार, हे मला आधीच कळलेलं असायचं. मग आमची बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली आणि शाखा तालुक्याला गेली.

"सुनेसाठी दुसरं मशीन घ्यायचं होतं. दोनदा अर्ज परत आला. म्हटलं, एकदा येऊन बघा तरी. तर म्हणाले, आमच्यात तशी पद्धत नाही." त्यांनी मशीनवर हात ठेवला. "तुम्ही बघितलंय ना साहेब? तुम्ही सांगा की त्यांना."

माझ्या बघण्याला आता कुठल्याच बँकेत किंमत नाही, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी नेहमीसारखी मशीनभोवती एक फेरी मारली आणि मान डोलावली.

"झालं तर मग," म्हणत शेवंताबाई चहा ठेवायला आत गेल्या.