उकंडरावांचं गाव दाखवणं

आमच्या गावात पाहण्यासारखं काही नाही. सुलतानपूरहून लोणारला जाणारी गाडीवाट गावाला न शिवता पुढे जाते. लोणारचं सरोवर पाहायला निघालेले लोक बैलांना पाणी पाजायला थांबत, तेवढंच. तरी गावात आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आमचं गाव पाहिलेलं असे, कारण उकंडराव त्याला ते दाखवत. त्यांच्याबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. लिहिणारी माणसं नागपूर-अमरावतीला गेली, म्हणून मी लिहितो आहे. जमेल असं वाटत नाही.

त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून जन्मल्यावर त्यांना क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि उकंडा नाव ठेवलं. ते जगले. कोरडवाहू शेत होतं, झुंबरबाई नावाची बायको होती आणि मंजुळा ही एकच मुलगी. शेताला त्यांची गरज चार-सहा महिने लागे. उरलेल्या वेळात ते गाव दाखवत.

हे काम त्यांच्याकडे आलं ते आमच्या घरांमुळे. घरं लहान, धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. सोयरे आले की चूल पेटायची, आणि पुरण वाटणाऱ्या बायकांसमोर पाच-सहा पुरुष मिशांवर हात फिरवत बसले तर बायकांनी वावरायचं कुठे? म्हणून स्वयंपाक होईपर्यंत पुरुषांना बाहेर फिरवून आणायचं. ज्याच्या घरी पाहुणे, तो उकंडरावांना बोलावी. जेवण तयार झालं की घरची बाई धाब्यावर धुतलेलं पांढरं धोतर वाळत घाली. टेकडीवरून ते दिसलं की उकंडराव पाहुण्यांना खाली आणत. धोतर दिसल्याशिवाय कधीही नाही. अगदी सुरुवातीला एकदा त्यांनी लवकर आणलं तेव्हा त्या घरच्या वच्छलाबाईंच्या पोळ्या अजून तव्यावर होत्या, आणि वच्छलाबाई मरेपर्यंत ते विसरल्या नाहीत.

दाखवण्याचा क्रम ठरलेला होता. आधी बारव. पायऱ्या उतरून ते पाण्याकडे बोट करत आणि म्हणत, "हिच्यात कासव हाय. आता खाली गेलं." मग महादेवाचं देऊळ. त्याला शिखर नाही. "शिखर राह्यलं," असं ते सांगत, जणू गवंडी जेवायला गेला आहे. मग नाल्याचा कडा. "इथून पाणी पडते." वर्षातले दहा महिने तिथून काहीच पडत नाही. पाहुणे आधी वर बघत, मग खाली बघत, आणि पुढे निघत. शेवटी टेकडी. तिथे उभं राहून ते दक्षिणेकडे हात लांब करत. "थो पाहा, लोणारच्या सरोवराचा काठ."

मी अनेकदा पाहिलं. तिकडे एक माळ दिसतो आणि त्याच्यामागे दुसरा माळ. पण पाहुणे "हाव, हाव" म्हणत. ज्याच्या घरी आपण जेवणार, त्या गावातलं काही दिसत नाही असं म्हणायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

मंजुळेला पाहायला धाड गावचे लोक येणार असं ठरलं तेव्हा घरात सगळे धास्तावले होते. त्याआधी दोन ठिकाणचे लोक येऊन गेले आणि त्यांचा निरोप आलाच नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मंजुळा लहानपणापासून ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभी राहून पाखरं हाकलत आली होती, त्यामुळे तिचा आवाज मोठा झाला होता. ती हळू बोलली तरी शेजारच्या घरातून उत्तर येई. आधीच्या पाहुण्यांनी नाव विचारलं, तिने सांगितलं, आणि एका म्हाताऱ्याच्या हातातलं पान पडलं. हे तिसरं स्थळ गेलं असतं तर चौथं आलं नसतं. तिच्याहून लहान मुलींच्या कडेवर लेकरं होती.

"आज तोंडातून शब्द काढू नको, माय," झुंबरबाईंनी तिला बजावलं. "इचारलं तर मान हालव."

धाडहून रंगराव आले. जाड माणूस, गुडघे दुखत होते. सोबत मुलगा निवृत्ती आणि रंगरावांचे मेहुणे शालिग्राम. दोन मुक्काम करून आलेली माणसं, भूक चेहऱ्यावर दिसत होती. मुलीच्या बापाने खरं तर घरी थांबायचं असतं. पण गावात दुसऱ्या कोणाला गाव दाखवता येत नव्हतं. मला विचारलं होतं. मी सोबत येतो म्हणालो, बोलणार नाही म्हणालो. शेवटी उकंडरावच निघाले.

बारव झाली, देऊळ झालं, कडा झाला. टेकडीवर पोचलो तेव्हा रंगराव दगडावर बसले. उकंडरावांनी हात लांब केला.

"थो पाहा, सरोवराचा काठ."

रंगरावांनी बराच वेळ पाहिलं. "मले तं काही दिसून नाही राह्यलं."

असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. उकंडरावांचा हात तसाच राहिला.

"ऊन हाय," ते म्हणाले.

"तुले दिसते का बे?" रंगरावांनी मुलाला विचारलं.

निवृत्तीने बापाकडे पाहिलं, होणाऱ्या सासऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "थोडंसं."

उकंडरावांनी हात खाली घेतला आणि गावाकडे पाहिलं. त्यांच्या घराच्या धाब्यावर धोतर नव्हतं. म्हणजे स्वयंपाक व्हायचा होता. "कडा एकदा सावलीत पाहाले पाह्यजे," ते म्हणाले, आणि आम्ही पुन्हा कडा पाहिला. मग पुन्हा बारव. कासव अजून खालीच होतं. मग पुन्हा टेकडी. धोतर नव्हतं.

"उकंडराव," शालिग्राम म्हणाले, "पोरगी घरी हाय ना? का तेही तुमी फक्त बोटानं दाखवता?"

उकंडरावांना घाम फुटला होता. मला वाटतं घामाचं कारण शालिग्राम नव्हते, धाबं होतं.

तिकडे घरी स्वयंपाक कधीच झाला होता. ताटं मांडून झुंबरबाई दारात उभ्या होत्या. धोतर वाळत घालायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. उकंडरावांना खूण करतात ती लोकांच्या घरून. स्वतःच्या घरी माणूस जेवायला यायला खूण कशाला लागते? आणि टेकडीवर उकंडरावांना वाटत होतं की धोतर नाही तर जेवण नाही. वीस-पंचवीस वर्षं त्यांना ह्याशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं.

"पोळ्या वातड होऊन राह्यल्या," झुंबरबाई रडायच्या बेतात म्हणाल्या. तेव्हा मंजुळा शिडीवरून धाब्यावर चढली. नवं लुगडं नेसलेली, कपाळावर कुंकू. पाहुण्यांनी पाहायच्या आधी मुलीने असं दिसायचं नसतं. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"बा हो! जेवाले या! पुरण थंड झालं!"

नाल्याकाठचे बगळे उडाले. खाली कोणाचा तरी बैल उठून उभा राहिला.

टेकडीवर सगळ्यांनी गावाकडे वळून पाहिलं. मग रंगरावांनी विचारलं, "कोण व्हय थे?"

शेजाऱ्याची मुलगी आहे, असं उकंडराव म्हणू शकले असते. त्यांनी तसं म्हणावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, पुन्हा घातलं.

"पोरगी हाय माही," ते म्हणाले. "तिचा आवाजच मोठा हाय. आधीच सांगतो."

रंगराव गुडघ्यावर हात टेकून उठले. "आमचं वावर नदीपल्याड हाय," ते म्हणाले. "घरची हाक ओसरीतच राह्यते. मी रोज थंडी भाकर खातो, उकंडराव." मग म्हणाले, "सकाळपासून तुमी मले लय दाखवलं. ऐकू आलं थे हेच." आणि सगळ्यांच्या पुढे ते टेकडी उतरू लागले. गुडघे दुखत असूनही फार लवकर उतरले.

जेवणं झाली. पोळ्या खरंच वातड झाल्या होत्या. रंगरावांनी मुलीला नाव विचारलं नाही. त्याची गरज नव्हती. त्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि मंजुळा धाडला गेली.

उकंडरावांनी पुढेही गाव दाखवलं. क्रम तोच. फक्त टेकडीवर सरोवराचा काठ दाखवून झाला की ते मावळतीकडे वळत आणि म्हणत, "अन् ह्या अंगाले धाड." पाहुणे "हाव" म्हणत.

शेवटच्या वर्षी त्यांना चढवत नव्हतं. मी हात धरून त्यांना टेकडीवर नेलं. पाहुणे कोणी नव्हते. ते मावळतीकडे तोंड करून बसले.

"दिसते का, बापू?" त्यांनी मला विचारलं.

"दिसते, दादा," मी म्हणालो.

"काऊन खोटं बोलतं बे," ते म्हणाले. "धाड इथून कुठं दिसते." मग मावळतीकडे हात लांब करून म्हणाले, "अंग मात्र थेच हाय."

मग आम्ही खाली गावाकडे पाहिलं. झुंबरबाईंनी धाब्यावर पांढरं धोतर वाळत घातलं होतं. धाडचे पाहुणे येऊन गेले त्या दिवसापासून त्या ते रोज घालत.