जीपचं जड स्टिअरिंग आणि माझं आठ वर्षांचं कारण

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट आहे.

आमच्या जुन्या जीपला मोठे टायर टाकले तेव्हापासून स्टिअरिंग फार जड झालं होतं. बायको, सुनीता, चालवायला मागायची. मी आठ वर्षं एकच सांगत आलो, "तुला नाही झेपणार."

मागच्या महिन्यात माझाच खांदा आखडला, म्हणून हायड्रॉलिक असिस्ट बसवून घेतलं. आता चाकं वळवायला तेलाचा दाब जोर लावतो, स्टिअरिंग एका हातानं फिरतं. मग नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

आज शहपुऱ्याकडच्या एका नाल्यात तीच चालवून राहिली होती. ऐन दगडांत तेलाचा पाइप फुटला अन् स्टिअरिंग पुन्हा पहिल्यासारखं जड झालं.

मी म्हटलं, "उतर, मी घेतो."

"काहून? बसा न चुपचाप."

दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत, थांबत थांबत तिनं गाडी वर काढली. इंजिन बंद केलं, लाल झालेले तळहात पाहिले अन् विचारलं, "एवढंच जड होतं?"

चेरीतालला घरापर्यंत गाडी तिनंच आणली, मी शेजारी बसून आलो. पाइप तर उद्या बदलता येईल, तिला नाही म्हटलेली आठ वर्षं नाही.

असं एखादं कारण तुम्हीही वर्षानुवर्षं सांगत आलात का?