माणिकबाई आणि प्राध्यापक कॉलनीचं फाटक

अमरावतीच्या वलगाव रोडवर जिथे आज प्राध्यापक कॉलनी आहे, तिथे आधी माणिकबाईच्या सासऱ्यांचा भाजीचा मळा होता. विद्यापीठात नव्याने लागलेल्या प्राध्यापकांनी संस्था काढून तो विकत घेतला. माणिकबाई तेव्हा नवी नवरी. काळ्या मातीत पाया बसेना, म्हणून मंडळी वर्ग संपवून सायकलीने यायची आणि पँटचे पाय दुमडून स्वतः मुरूम पसरायची. नळ नव्हता. मळ्यातल्या विहिरीचं पाणी माणिकबाईनं डोक्यावर वाहून त्यांच्या ओल्या भिंतींवर मारलं. माणसं राहायला आली तशी ती टोपलं घेऊन दारोदार फिरू लागली. सासऱ्यांनी वलगावजवळ घेतलेल्या तुकड्यातली वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. सगळं आयुष्य त्याच गल्ल्यांत गेलं.

मागच्या वर्षी कॉलनीला लोखंडी फाटक बसलं आणि चौकीदारानं तिला अडवलं. नवा माणूस आहे, ओळखत नसेल, असं तिला वाटलं. तिने कॉलनीच्या अध्यक्षाला बोलवायला लावलं. अध्यक्ष म्हणजे नितेश, तिथल्याच एका जुन्या प्राध्यापकांचा मुलगा.

"मावशी, विकणाऱ्यांना आत मनाई आहे. नियम सगळ्यांना सारखाच."

"घरं बांधतानी काहून नाई केला नियम? तवा पानी कोन आनून देल्लं?"

"तुम्ही बाहेर बसा ना. लोक येतील तिथे."

ती बाहेर उन्हात बसली. लोक आले नाहीत. गाड्या मात्र तिच्या अंगावर धूळ उडवत आत जात राहिल्या. संध्याकाळी सुकलेली मेथी तिने फाटकासमोरच ओतून दिली आणि घरी गेली.

पुढे कॉलनीला चाळीस वर्षं झाली. समारंभात माणिकबाईचा सत्कार करायचा म्हणून नितेशनं निरोप धाडला. सून प्रतीक्षा म्हणाली, "कायले जाता तिथं?"

"बोलावलं त जातोच," माणिकबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी चौकीदारानं तिच्यासाठी फाटक उघडलं. नितेश माइकवर तिच्या कष्टांबद्दल बोलला, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर तिने विचारलं, "उद्या सकाळी मले आत येऊ देसान का?"

नितेश हसला. "मावशी, तो विषय आपण मिटिंगमध्ये घेऊ."

"मिटिंगमंधी नाई. सारे इथंच बसून आहेत. इथंच सांगा."

लोक आपापल्या मोबाइलमध्ये बघू लागले. पहिल्या रांगेत सत्यवतीबाई होत्या, एका प्राध्यापकांच्या पत्नी. त्यांच्या बाळंतपणात माणिकबाईनं रोज ताजा शेपू आणून दिला होता. त्यांनीही मान खाली घातली. माणिकबाईला नितेशपेक्षा त्यांचा संताप जास्त आला. तिने शाल काढून खुर्चीवर टाकली, नारळ टेबलावर ठेवला आणि ती चालू लागली. मागे नितेश माइकवर म्हणत होता, "हा आपल्या सर्वांसाठी भावनिक क्षण आहे."

आता ती इतवारा बाजारात बसते. एक दिवस सत्यवतीबाई ऑटो करून तिथे आल्या.

"माणिक, रागावलीस का गं?"

"हो." तिने मेथीची जुडी त्यांच्या पिशवीत टाकली. "तवा काहून नाई बोलल्या तुमी?"

"इतकी माणसं होती समोर. धीरच झाला नाही."

"मी बी त्याच मानसाईसमोर उभी होती," माणिकबाई म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी वांगी तोलू लागली.